पोट दुखतंय, कोणाला विचारायचं?

वादविवाद स्पर्धेसाठी विषय शोधायला बसलं, की हल्ली एक विषय हमखास पुढे येतो: 'संगणकाने डॉक्टरची जागा घ्यावी का?' मुलं दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलतात. एक बाजू म्हणते, यंत्र दमत नाही, विसरत नाही, रात्री दोन वाजताही चिडत नाही. दुसरी बाजू म्हणते, यंत्राला हृदय नाही. टाळ्या पडतात आणि विषय तिथेच संपतो.

खरं तर या प्रश्नामागे पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. रुग्णालयांत प्रत्यक्ष केलेले प्रयोग आहेत, मोजलेले आकडे आहेत. ते पाहिले तर 'हृदय नाही' यापेक्षा बरंच जास्त बोलता येतं, आणि दोन्ही बाजूंच्या मुलांना थोडी अडचणही होते. म्हणून या वेळी आपण त्यातले काही प्रयोग जरा निवांतपणे पाहू या.

सुरुवात पोटदुखीपासून करू. माणूस एकाएकी पोट धरून रुग्णालयात येतो तेव्हा डॉक्टरपुढे एक अवघड कोडं असतं. अपेंडिक्सला सूज आली असेल, पित्ताशयाला आली असेल, जठरातला व्रण फुटला असेल, आतडं अडकलं असेल, स्वादुपिंडाचा दाह असेल, किंवा यातलं काहीच नसेल आणि दोन दिवसांत आपोआप बरं वाटेल. अपेंडिक्स असेल आणि वेळ घालवला तर ते फुटून जिवावर बेततं. नसेल आणि पोट उघडलं, तर एक शस्त्रक्रिया फुकट जाते, आणि फुकटच्या शस्त्रक्रियेलाही धोका असतोच.

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात टिम डी डोम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास हे कोडं संगणकाला घातलं. त्यांनी आधीच्या शेकडो रुग्णांची माहिती गोळा केली. दुखणं कुठे सुरू झालं, मग कुठे सरकलं, उलटी झाली का, हालचालीने वाढतं का, पोट दाबल्यावर कडक लागतं का, अशी प्रश्नांची यादी आणि शेवटी शस्त्रक्रियेत किंवा पुढच्या तपासणीत निघालेला खरा आजार. एवढं हाती आलं की पुढचं काम शुद्ध गणिताचं. समजा, अपेंडिक्सच्या १०० रुग्णांपैकी ७० जणांचं दुखणं पोटाच्या उजव्या खालच्या भागात असतं आणि दुसऱ्या एखाद्या आजारात १०० पैकी १० जणांचंच तिथे असतं. (हे आकडे आम्ही फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत.) मग समोरच्या रुग्णाने तिथेच बोट ठेवलं, तर पारडं अपेंडिक्सच्या बाजूला सातपटीने झुकतं. पुढच्या लक्षणाने ते आणखी झुकतं किंवा थोडं परत येतं. अशी एकेक लक्षणं घालत गेलं, की शेवटी प्रत्येक आजाराची शक्यता मिळते. अठराव्या शतकातल्या बेझ या इंग्रज पाद्र्याच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं. अकरावी-बारावीच्या मुलांना ते संभाव्यतेच्या धड्यात भेटतं आणि बहुतेक वेळा पिशवीतल्या लाल-काळ्या चेंडूंपाशीच थांबतं.

१९७२ मध्ये या गटाने ३०४ रुग्णांवरचा निकाल प्रसिद्ध केला. संगणकाचं निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर आलं. रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरचं निदान ७९.६ टक्के वेळा. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये जेवढी ताकद असते, तिच्यापुढे तो संगणक अगदीच किरकोळ होता. तरी तो जिंकला.

मग सगळीकडे हा संगणक का बसला नाही? नवल तर पुढेच आहे. लीड्सच्या रुग्णांवरून तयार झालेली हीच पद्धत डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या रुग्णांवर वापरून पाहिली, तेव्हा तिची अचूकता बरीच घसरली. माणसाचं पोट तिकडेही तसंच होतं. पण रुग्णालयात येणारे रुग्ण वेगळे, त्यांना प्रश्न विचारणारे वेगळे आणि 'पोट कडक लागतं' याचा डॉक्टरच्या हाताला जाणवणारा अर्थही थोडा वेगळा. संगणकाकडे पोहोचतो तो या सगळ्यातून गाळून आलेला आकडा.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. पुढे ब्रिटनमधल्या आठ रुग्णालयांत १६,७३७ रुग्णांवर याच पद्धतीची मोठी चाचणी झाली आणि १९८६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. पहिल्याच तपासणीत बरोबर निदान होण्याचं प्रमाण ४५.६ टक्क्यांवरून ६५.३ टक्क्यांवर गेलं, आणि पोट उघडून आत काहीच न सापडण्याचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले. संगणकाचा विजयच म्हणायचा! पण बारकाईने पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं, की या सुधारणेचा मोठा वाटा एका साध्या कागदाचा होता. संगणकाला माहिती द्यायची म्हणून तरुण डॉक्टरांना एक छापील तक्ता भरावा लागे. त्यातला एकही प्रश्न गाळता येत नसे. शिवाय आपलं निदान बरोबर आलं की चूक, हे त्यांना नियमितपणे कळवलं जाई. नीट विचारणं आणि चूक कळणं या दोन गोष्टींनीच डॉक्टर सुधारले. एरवी पहाटे तीन वाजता आलेल्या रुग्णाला सगळे प्रश्न विचारायला कोणाला सुचतं?

शिक्षकांना यात ओळखीचं काही दिसेल. उत्तरपत्रिका तपासून परत दिली, तर मूल शिकतं. गुण फक्त रजिस्टरात गेले तर नाही.

त्याच काळात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात 'मायसिन' नावाची आज्ञावली तयार झाली होती. रक्तातल्या जंतुसंसर्गावर आणि मेंदूज्वरावर कोणतं प्रतिजैविक द्यावं, हे ती सांगे. तिच्यात तज्ज्ञांकडून घेतलेले सुमारे पाचशे 'जर-तर' नियम होते. १९७९ मध्ये तिचा निकाल लागला. परीक्षकांना कोणता सल्ला कोणाचा हे न सांगता तपासायला दिलं, तेव्हा मायसिनच्या सल्ल्यांना ६५ टक्के पसंती मिळाली आणि त्याच विद्यापीठातल्या तज्ज्ञांना ४२.५ ते ६२.५ टक्के. तरीही मायसिन कधी एका रुग्णासाठीही नित्य वापरात आली नाही. तिच्या प्रश्नांची उत्तरं टंकत बसायला बराच वेळ लागे आणि सल्ला चुकला तर दोष कोणाचा, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. हा दुसरा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आता चाळीस वर्षं ओलांडून आपल्या देशात येऊ. मधुमेह फार दिवस अंगात राहिला, की डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, म्हणजे दृष्टिपटलावरच्या, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. आधी त्यांना टाचणीच्या टोकाएवढे फुगे येतात, मग त्या पाझरू लागतात, पिवळट डाग साचतात, शेवटी नव्या नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्तस्राव होतो. फार उशीर होईपर्यंत रुग्णाला यातलं काही जाणवत नाही, ही यातली खरी दुष्ट गोष्ट. वेळेत कळलं तर लेसरने किंवा इंजेक्शनने नजर वाचवता येते. म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकाच्या दृष्टिपटलाचा दरवर्षी फोटो काढून तो जाणकाराने पाहायला हवा. आपल्याकडे मधुमेह असलेल्यांची संख्या कोट्यवधींत आहे आणि असे जाणकार काही हजारांत. हिशेब जुळत नाही.

गूगलच्या संशोधकांनी इथे संगणक लावला. अमेरिकेतून आणि भारतातल्या तीन नेत्ररुग्णालयांतून, मदुराईचं अरविंद हे त्यातलं एक, फोटो घेतले. १,२८,१७५ फोटो अमेरिकेतल्या ५४ नेत्रतज्ज्ञांनी आणि ज्येष्ठ शिकाऊ डॉक्टरांनी तपासले. एकेक फोटो तीन ते सात वेळा तपासावा लागला, कारण तज्ज्ञांचं आपसात एकमत होत नव्हतं. 'बरोबर उत्तर' म्हणून जे संगणकाला शिकवलं, ते म्हणजे तज्ज्ञांचं बहुमत होतं, हे लक्षात ठेवायला हवं.

शिकवलं म्हणजे काय केलं? संगणकाला फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे तेजाचा आणि रंगाचा आकडा. हे आकडे असंख्य गुणकांतून जातात, त्यांच्या बेरजा होतात, त्या पुन्हा गुणकांतून जातात, आणि शेवटी एक उत्तर बाहेर पडतं. सुरुवातीला ते साफ चुकीचं असतं. चूक किती झाली ते मोजायचं आणि ती थोडी कमी होईल अशा बेताने प्रत्येक गुणक किंचित हलवायचा. पुढचा फोटो. पुन्हा हलवायचं. लाखो गुणक, लाखो वेळा. मायसिनमध्ये नियम माणसाने लिहिले होते. इथे नियम कोणीच लिहिलेला नाही. पिवळा डाग दिसला तर असं समज, असं या यंत्रात कुठेही लिहिलेलं सापडणार नाही.

त्याचा एक गमतीचा परिणाम २०१८ मध्ये दिसला. अशाच यंत्राला दृष्टिपटलाच्या फोटोवरून माणूस स्त्री आहे की पुरुष हे ओळखायला शिकवलं, तर ते जवळजवळ नेहमी बरोबर ओळखू लागलं. हे डोळ्यावरून ओळखता येतं, याची नेत्रतज्ज्ञांना कल्पनाच नव्हती.

२०१६ मध्ये मधुमेहाच्या फोटोंचे निकाल आले तेव्हा यंत्राने आजार असलेल्यांपैकी ९६-९७ टक्के पकडले होते आणि नसलेल्यांपैकी सुमारे ९३ टक्के बरोबर सोडले होते. २०१९ मध्ये अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयात मिळून ३,०४९ रुग्णांवर पुन्हा तपासलं. अरविंदमध्ये यंत्राने ८८.९ टक्के आजारी पकडले, शंकर नेत्रालयात ९२.१ टक्के. फोटो पाहणाऱ्या माणसांचे आकडे ७३.४ ते ८९.८ टक्क्यांच्या दरम्यान होते. म्हणजे यंत्र माणसाच्या बरोबरीने किंवा थोडं पुढेच.

इथे थांबून फळ्यावर एक गणित करू, कारण अशा टक्क्यांवरून वर्तमानपत्रांत फार घाईने मथळे दिले जातात. समजा, एक यंत्र आजाऱ्यांपैकी ९० टक्के पकडतं आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडतं. मधुमेहाच्या एका मोठ्या दवाखान्यात १००० माणसं तपासली आणि त्यांपैकी २०० जणांना डोळ्याचा आजार आहे. यंत्र १८० जणांना पकडेल. उरलेल्या ८०० निरोगी माणसांपैकी ८० जणांना उगीच आजारी म्हणेल. म्हणजे यंत्राने 'आजार आहे' म्हटलेल्या २६० पैकी १८० खरे, दर तिघांत साधारण दोन. आता तेच यंत्र घेऊन गावातल्या सरसकट १००० माणसांना तपासा, ज्यांत फक्त १० जणांना आजार आहे. यंत्र ९ जणांना पकडेल आणि ९९० निरोगी माणसांपैकी ९९ जणांना घाबरवेल. १०८ पैकी खरे फक्त ९! यंत्र तेच, अचूकता तीच, पण आता ते दर बारा माणसांत अकरांना उगीच तालुक्याला पाठवतं. हे गणित नववीतलं मूलही करू शकतं, आणि वादविवादात ते मांडलं तर समोरची बाजू जरा गप्प होते. अर्थात, माणसालाही हेच गणित लागू आहे. पण माणसाला आपण कुठे बसलो आहोत हे ठाऊक असतं, आणि गावातल्या शिबिरात बसलेला डॉक्टर आपोआप जरा हात राखून निदान करतो.

हे दृष्टिपटलाचं यंत्र प्रयोगशाळेबाहेर पडलं ते थायलंडमध्ये. तिथे मधुमेहाचे सुमारे ४५ लाख रुग्ण आणि नेत्रतज्ज्ञ सुमारे १,५००, त्यातही दृष्टिपटलाचे तज्ज्ञ २०० च्या आसपास. आरोग्य केंद्रातली नर्स फोटो काढे, तो तज्ज्ञाकडे जाई आणि उत्तर यायला कधी कधी दहा आठवडे लागत. यंत्र तेच काम काही मिनिटांत करणार होतं. २०१८ च्या अखेरीपासून पथुम थानी आणि चियांग माई या प्रांतांतल्या ११ केंद्रांवर ते बसवलं आणि संशोधक तिथे जाऊन बसले. त्यांनी यंत्राची अचूकता मोजली नाही. केंद्रात दिवसभर काय घडतं, ते पाहिलं.

फोटो चांगला यायला बाहुली मोठी व्हावी लागते आणि त्यासाठी खोलीत अंधार लागतो. अंधार करता येईल अशी वेगळी खोली ११ पैकी फक्त दोन केंद्रांत होती. बाकीच्या ठिकाणी फोटो अंधुक येत. पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के यंत्राने परत केले: 'दर्जा अपुरा, तपासता येत नाही.' नियमाप्रमाणे अशा रुग्णाला दूरच्या रुग्णालयात पाठवायचं. त्याचा रोज बुडणार, जाण्यायेण्याचा खर्च, आणि तिथे गेल्यावर कदाचित डोळे ठणठणीत निघणार. ज्या फोटोंकडे पाहून अनुभवी नर्सला काय ते कळत होतं, तेही यंत्र नाकारत होतं. इंटरनेट मंद असल्यामुळे एकेक फोटो चढायला मिनिट-दीड मिनिट लागे. एका केंद्रात ते दोन तास बंद पडलं आणि त्या दिवशी दोनशेऐवजी शंभरच रुग्ण तपासून झाले. काही नर्स तर रुग्णांना यात पडू नका असंच सुचवू लागल्या.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि ती फक्त यंत्राच्या फजितीची म्हणून सांगितली तर अर्धवट होईल. २०२२ मध्ये थायलंडमधल्याच ७,६५१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात यंत्राने आजार पकडण्याचं प्रमाण ९१.४ टक्के होतं आणि फोटो पाहणाऱ्या दृष्टिपटलतज्ज्ञांचं ८४.८ टक्के. दहा आठवडे वाट पाहणाऱ्या माणसासाठी हा फरक नजरेचा फरक आहे. 'यंत्र चांगलं की डॉक्टर चांगला' हा प्रश्न शहरात बसून विचारता येतो. चियांग माईच्या केंद्रात प्रश्न असा असतो: यंत्र की आज कोणीच नाही?

हाच हिशेब करून जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये एक ठळक पाऊल टाकलं. १५ वर्षं आणि त्याहून मोठ्या माणसांत क्षयरोगाची चाळणी करताना छातीचा डिजिटल एक्स-रे वाचायला माणसाऐवजी संगणक चालेल, असं तिने सांगितलं. 'मदतीला' नव्हे, 'ऐवजी'. अशा आज्ञावल्यांपैकी एक मुंबईतल्या क्युअर कंपनीची आहे. मात्र संगणकाने संशय घेतला म्हणून कोणाला क्षय झाला असं ठरत नाही. मग थुंकीची तपासणी होते. ती करणारं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र गोव्यातल्या कंपनीचं आहे. म्हणजे इथे यंत्राची चूक झाली तरी पुढे दुसरी चाळणी उभी आहे. आम्हाला वाटतं, यंत्राला माणसाऐवजी बसवायचं की नाही हे ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारावा: चुकलं तर पुढे अडवणारं कोण आहे?

अडवणारं कोणी नसेल तर काय होऊ शकतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण १९९० च्या दशकातलं, अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरातल्या संशोधकांचं आहे. न्यूमोनियाच्या कोणत्या रुग्णाला दाखल करावं आणि कोणाला औषध देऊन घरी पाठवावं, हे ठरवण्यासाठी त्यांनी १४ हजारांहून जास्त जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून संगणकाला शिकवलं. अनेक पद्धती वापरून पाहिल्या. गुणकांच्या जाळ्याची पद्धत सर्वांत अचूक ठरली. पण दुसऱ्या एका पद्धतीने नियम वाचता येईल अशा रूपात दिले होते, आणि त्यात एक नियम असा निघाला: दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी असतो. कोणताही डॉक्टर हे ऐकून दचकेल. पण आकडे खोटे नव्हते. दम्याचा रुग्ण न्यूमोनिया घेऊन आला, की डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागात नेत होते, आणि म्हणून तो वाचत होता. संगणकाने डॉक्टरांची धडपड पाहिली नाही. त्याने फक्त शेवटचा आकडा पाहिला आणि दम्यालाच औषध मानलं. त्याचं ऐकलं असतं तर दम्याच्या रुग्णांना घरी पाठवलं गेलं असतं.

हा नियम वाचता आला म्हणून पकडला गेला. सर्वांत अचूक जाळ्यात असे आणखी किती नियम दडले असतील, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून संशोधकांनी ते जाळं रुग्णांवर वापरायचंच नाही असं ठरवलं. रिच करुआना हे त्यांच्यातले एक. त्यांनी पुढे २०१५ मध्ये ही हकिगत तपशिलाने मांडली आणि आतलं वाचता येईल अशा यंत्रांचा आग्रह धरला. आम्ही तर म्हणू, विज्ञानाच्या वर्गात 'सहसंबंध म्हणजे कारण नव्हे' हे वाक्य शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

२०२२ च्या अखेरीपासून गप्पा मारणारे संगणक घरोघरी पोहोचले आणि प्रश्नाचा रंगच बदलला. आता यंत्र रुग्णालयात नाही, रुग्णाच्या हातातच आहे. वैद्यकीय परीक्षेचे पेपर ती उत्तम सोडवतात. मग माणसाने डॉक्टरकडे जावं कशाला? ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १,२९८ लोकांना घेऊन हे तपासलं. २०२५ मध्ये समोर आलेला त्यांचा निकाल मजेशीर आहे. डॉक्टरांनी लिहिलेली आजाराची गोष्ट सरळ यंत्राला दिली, तर त्याने ९४.९ टक्के वेळा योग्य आजारांपैकी एकाचं नाव घेतलं. तीच गोष्ट सामान्य माणसाला दिली आणि 'हे तुम्हाला होतंय असं समजून यंत्राला विचारा' म्हटलं, तर योग्य आजारापर्यंत पोहोचणारे ३४.५ टक्क्यांपेक्षा कमी निघाले. ज्यांना यंत्र दिलंच नव्हतं, ते यांच्यापेक्षा मागे नव्हते.

ज्ञान तर यंत्रात होतं. मग ते गेलं कुठे? माणसांनी अर्धीच लक्षणं सांगितली, कारण कोणतं महत्त्वाचं हे त्यांना माहीत नव्हतं. यंत्राने चार शक्यता सांगितल्या, त्यांतली कोणती घ्यायची हे त्यांना कळलं नाही. 'पोटात दुखतंय' म्हणणाऱ्याला 'कुठे? बोट ठेवून दाखवा' असं विचारणारं मध्ये कोणी नव्हतं. लीड्सचा तो छापील तक्ता आठवतो ना? जुने डॉक्टर पुढच्या पिढीला रुग्णाचं नीट ऐकायला शिकवतात, ते सभ्यतेखातर नाही. निदानातली बरीचशी माहिती तिथेच असते.

वर्गात हे करून पाहता येईल. एका मुलाला कागदावर लक्षणं लिहून द्या आणि फक्त विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर दे असं सांगा. दुसऱ्याने प्रश्न विचारायचे. पाच प्रश्नांत किती लक्षणं बाहेर येतात, ते फळ्यावर मांडा.

यंत्राशी बोलण्याबद्दल आणखी एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाची आज्ञावली लिहिली. आपण जे टंकू त्याचाच प्रश्न करून ती परत विचारी, मानसोपचारतज्ज्ञ विचारतो तसं. तिला काही म्हणजे काही समजत नव्हतं. तरी लोक तिच्यापाशी मन मोकळं करू लागले. वायझेनबॉम यांच्या सचिव बाईंनी तर, आज्ञावली कशी बनली हे माहीत असूनही, तिच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. वायझेनबॉम हादरले. १९७६ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून मांडलं, की संगणकाला एखादं काम जमतं का हा एक प्रश्न आणि ते त्याला द्यावं का हा अगदी वेगळा प्रश्न. वादविवादाच्या विषयात 'घेईल का' ऐवजी 'घ्यावी का' असं लिहिलेलं असतं, ते फार थोड्या वक्त्यांच्या लक्षात येतं.

'घेईल का' याबद्दलचं सर्वांत गाजलेलं भाकीत जेफ्री हिंटन यांचं. आजच्या गुणकांच्या जाळ्यांचे ते एक जनक, २०२४ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी. २०१६ मध्ये ते म्हणाले होते, की एक्स-रे वाचणारे नवे डॉक्टर तयार करणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्या पुढे जाईल. ती पाच वर्षं कधीच उलटली. हे डॉक्टर अजून आहेत आणि ब्रिटनसारख्या देशाला ते पुरत नाहीत. हिंटन यांचा हिशेब चुकला तो यंत्राच्या बाबतीत कमी आणि डॉक्टरच्या कामाच्या बाबतीत जास्त. चित्र वाचणं हा त्या कामाचा एक भाग. जुना फोटो काढून ताडून पाहणं, शस्त्रक्रिया करणाऱ्याशी बोलणं, 'हा फोटो काढायची गरजच नाही' असं सांगणं, हेही त्यातच येतं.

कामाचा तो एक भाग मात्र यंत्राकडे खरोखर जाऊ शकतो. स्वीडनमध्ये स्तनाच्या कर्करोगाची चाळणी करताना प्रत्येक फोटो दोन डॉक्टर वाचतात. तिथे ८० हजार स्त्रियांच्या चाचणीत, यंत्राने आधी फोटो चाळायचे आणि धोक्याचे वाटतील तेच दोघांकडे पाठवायचे, बाकीचे एकाकडे, असं केलं. २०२३ मध्ये निकाल आला: डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं आणि दर हजारी ५.१ ऐवजी ६.१ कर्करोग सापडले. हे नाकारणं म्हणजे हट्ट होईल.

आता मायसिनपाशी सोडलेला मुद्दा. चुकलं तर दोष कोणाचा? अमेरिकेत एप्रिल २०१८ मध्ये, डॉक्टरने न पाहता स्वतःच निर्णय देणाऱ्या दृष्टिपटल-यंत्राला पहिल्यांदा सरकारी मान्यता मिळाली, तेव्हा ते बनवणाऱ्या कंपनीने चुकीच्या निदानाची जबाबदारी आपली असं जाहीर केलं. हे आम्हाला सरळ वाटतं. निर्णय ज्याचा, जबाब त्याचा. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाचे नियम आले. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे, की कृत्रिम बुद्धिमत्तेला रुग्णाला सल्ला देता येणार नाही, औषध लिहून देता येणार नाही. ती नोंदणीकृत डॉक्टरला मदत करू शकते, पण चिठ्ठीवर सही त्याचीच. सहीचा अर्थ इतकाच, की उद्या विचारायला कोणीतरी हवं, आणि त्याला 'का?' असं विचारता यायला हवं.

पण सही करणाऱ्याला यंत्राची चूक ओळखता आली तरच त्या सहीला अर्थ राहतो. पोलंडमध्ये मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या चार केंद्रांत गाठी दाखवून देणारं यंत्र बसवलं. काही महिन्यांनी, यंत्र न लावता केलेल्या तपासण्यांत त्याच अनुभवी डॉक्टरांना अशा गाठी किती सापडतात हे पाहिलं. आधी २८.४ टक्के तपासण्यांत सापडत, आता २२.४ टक्के. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास एवढ्यावरून शेवटचा शब्द ठरत नाही, पण अशीच गोष्ट लीड्सलाही दिसली होती. तिथे प्रयोग चालू असताना डॉक्टरांची निदानं सुधारली, आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये प्रयोग थांबल्यावर ती पुन्हा पहिल्या पातळीकडे घसरली.

लीड्सला निदान एक सोय होती. डॉक्टरचं निदान आणि संगणकाचं निदान वेगवेगळं नोंदलं जात होतं आणि मग दोन्ही शेजारी ठेवून पाहिली जात होती. आमच्या मते जिथे जिथे अशी यंत्रं बसतील, तिथे शिकाऊ डॉक्टरने आधी आपलं मत कागदावर लिहावं आणि मगच यंत्राकडे वळावं, आणि काही तपासण्या यंत्र मुद्दाम बंद ठेवून व्हाव्यात. गणकयंत्र हाती आल्यावर तोंडी हिशेबाचे तास बंद करायचे की नाहीत, यावर शाळांतून भांडलेल्या शिक्षकांना या सूचनेत नवीन असं काही वाटणार नाही.